शनिवारी मूल कुणाकडे? वेगळ्या झालेल्या आईबापांसाठी थोडं कायद्याचं, बरंचसं व्यवहाराचं

परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्या एखाद्या जोडप्याच्या 'कन्सेंट टर्म्स', म्हणजे दोघांनी कोर्टात लिहून दिलेल्या अटी, वाचून बघा. फ्लॅट कुणाच्या नावावर राहणार, कर्जाचे उरलेले हप्ते कोण भरणार, पाटल्या-बांगड्या-मंगळसूत्र कुठल्या तारखेला परत करायचं, पोटगीच्या रकमेचे डिमांड ड्राफ्ट किती आणि केव्हा, एकमेकांवरच्या केसेस आधी कोण मागे घेणार, हे सगळं कलमामागून कलम बारकाईने लिहिलेलं असतं. मग मुलाचं कलम येतं आणि ते बऱ्याचदा दोन ओळींत आटोपतं. मुलाचा ताबा आईकडे राहील, वडिलांना परस्पर सोयीने भेटता येईल. संपलं.

अहो, यांची सोय परस्पर जुळत असती तर ही माणसं कोर्टाच्या बाकावर कशाला आली असती? पुढची दहा वर्षं दर शनिवारी जी कटकट होते तिचं मूळ या दोन ओळींत असतं. दागिन्यांच्या यादीवर दोन वकिलांनी तीन तारखा घालवलेल्या असतात, आणि दिवाळीत मूल कुणाकडे असणार हे कुणी विचारलेलंच नसतं.

वेगळ्या झालेल्या आईबापांनी 'मुलासाठी सहकार्य करावं' असं म्हटलं की एकत्र केक कापणारं, फोटोत हसणारं जोडपं डोळ्यांसमोर येतं. तसं कुणाला जमत असेल तर चांगलंच. पण बहुतेकांना जमत नाही, आणि मुलासाठी त्याची तेवढी गरजही नसते. मुलाला हवा असतो न बदलणारा शनिवार, भरलेली फी, आणि आपल्या हाती निरोप न पाठवणारे आईबाप. यातलं काहीही करायला दोघांनी एकमेकांवर प्रेम करावं लागत नाही. बोलणंही जेमतेम लागतं.

ताबा, पालकत्व, भेट

आधी कायद्यातली ही तीन नावं वेगळी करून घेऊ, कारण बरीच भांडणं त्यांच्या गोंधळातून होतात.

ताबा म्हणजे मूल रोज कुठे राहतं, शाळेला कुठल्या घरातून जातं. पालकत्व म्हणजे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि सही करण्याचा अधिकार: शाळा, ऑपरेशन, पासपोर्ट, मुलाच्या नावावरची मालमत्ता. आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाबरोबर मिळणारा वेळ म्हणजे भेट, कोर्टातल्या रोजच्या बोलीत 'ॲक्सेस'. ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचं पालकत्व आपोआप जात नाही. 'कस्टडी माझी आहे, शाळेत तुझं काय काम?' हे वाक्य घरोघर ऐकू येतं. कायद्यात त्याला आधार नाही.

हिंदूंसाठी 1956 चा अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आहे. त्याच्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील, त्यांच्यानंतर आई असं लिहिलंय. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावाने बाँड घेताना याच कलमामुळे अडवलं गेलं, आणि 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडिलांच्या हयातीतही, ते मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा प्रत्यक्षात नसल्यासारखेच असतील, तर आई नैसर्गिक पालक ठरते. त्याच कलमात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असंही आहे. या एका वाक्यावरून पाचव्या वाढदिवसाची वाट पाहणारे वडील मी पाहिलेत. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की पाच पूर्ण झाली की मूल आपोआप तुमच्याकडे येणार. तसं काही होत नाही. पाचनंतरही प्रश्न तोच राहतो: मुलाचं हित कशात आहे?

याच कायद्याचं कलम 13 सांगतं की मुलाचं कल्याण सर्वांत वरचं. मुसलमान, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांचे कायदे वेगळे असले, तरी 1890 चा पालक आणि पाल्य कायदा सगळ्यांनाच लागू पडतो आणि त्याचाही कल मुलाच्या हिताकडेच आहे. मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत, अशा अर्थाचं सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच रोझी जेकब यांच्या खटल्यात म्हणून ठेवलंय. मूल समजण्याच्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतात, आणि अनेकदा ते आपल्या चेंबरमध्ये बोलावून ऐकतात. पण मुलाचा शब्द म्हणजे निकाल नव्हे.

दोघांनीही लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली तो पुढे बदलून मागता येतो. मूल वाढतं, कुणाची बदली होते, कुणी पुन्हा लग्न करतं. ज्याला आज महिन्यातून दोन रविवार मिळालेत त्याने ते दोन रविवार नेमाने पाळले, तर उद्या जास्त वेळ मागताना त्याच्या हातात काहीतरी असतं. आणि भेट अडवत राहणाऱ्याच्या विरुद्धही तसंच काहीतरी साचत जातं.

'जॉइंट कस्टडी', म्हणजे दोघांकडे मिळून ताबा, आपल्याकडे कायद्यात नीट बसवलेली नाही. विधी आयोगाने मे 2015 मध्ये आपल्या 257व्या अहवालात तशी शिफारस केली होती, संसदेने मात्र अजून तो कायदा केलेला नाही. तरीही दोघं मिळून तसं लिहून देत असतील, तर कोर्ट सहसा आडवं येत नाही. पाश्चात्य देशांत काही जण मूल एकाच घरात ठेवतात आणि आईबाप आलटून पालटून तिथे राहायला येतात. कल्पना गोड आहे. मुंबईच्या भाड्यात तीन घरं चालवू शकणाऱ्यांनी जरूर करून पाहावी.

मुलाला नक्की काय लागतं

घटस्फोट झाला म्हणजे मूल वाया जाणार, ही धास्ती आपल्याकडे आईबापांपेक्षा नातेवाइकांना जास्त. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं अशा कुटुंबांचा पाठपुरावा केला. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण 25 टक्के मुलांना पुढे गंभीर भावनिक किंवा सामाजिक अडचणी आल्या. एकत्र राहिलेल्या घरांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. धोका वाढतो हे खरं. पण चारांतली तीन मुलं सावरतात, हेही त्याच आकड्यात आहे.

कोण सावरतं आणि कोण नाही, याचा धागा अनेक अभ्यासांत एकाच ठिकाणी जातो: आईबापांतलं भांडण किती धगधगतं आणि मूल त्याच्या किती जवळ उभं असतं. घटस्फोटानंतर भांडण थांबलं तर मुलाला मोकळा श्वास मिळतो. ते चालूच राहिलं तर मुलाचं घरही गेलं आणि भांडण मात्र उरलं, अशी गत होते.

व्हर्जिनियातच रॉबर्ट एमरी यांनी एक वेगळी गोष्ट करून पाहिली. ताब्यासाठी कोर्टात आलेल्या जोडप्यांपैकी कुणाला मध्यस्थाकडे पाठवायचं आणि कुणाला नेहमीच्या सुनावणीकडे, हे सोडत काढल्यासारखं ठरवलं. मध्यस्थी सरासरी पाच-सहा तासांचीच. बारा वर्षांनी पाहिलं तर मध्यस्थीच्या गटात मुलापासून वेगळे राहणारे 28 टक्के पालक आठवड्यातून एकदा तरी मुलाला भेटत होते, कोर्टात लढलेल्यांत 9 टक्के. अभ्यास लहान होता, देश परका. पण सहा तासांचा परिणाम बारा वर्षं टिकावा, हे विचार करण्यासारखं आहे.

आपल्याकडे 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने हाच रस्ता धरला होता. समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच केलं, समुपदेशक दिले, वकील हा हक्क म्हणून मागता येणार नाही असं लिहिलं. समुपदेशकाच्या खोलीत जाणं म्हणजे 'पुन्हा नांदायला लावतील', या भीतीने लोक तिथे तोंड शिवून बसतात. नांदायचं नाही हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगता येतं. आणि मग उरलेला वेळ मुलाच्या शनिवारवर खर्च करता येतो. फुकट मिळणारी ही तासाभराची बैठक लोक ज्या उदासीनतेने उडवतात, त्याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

जिन्यातला निरोप्या

समजा, आठ वर्षांची मुलगी आहे. आई डोंबिवलीत, बाबा ठाण्यात. बाबांनी रविवारी सहाला आणून सोडायचं ठरलंय आणि ते सात-वीसला येतात. आई दारातूनच म्हणते, "विचार तुझ्या बाबाला, घड्याळ गहाण टाकलंय का?" मुलगी दोन पायऱ्या खाली जाते, जिन्याच्या वळणावर उभ्या बाबांना सांगते, "आई म्हणते, पुढच्या वेळी लवकर या." बाबा म्हणतात, "तिला म्हणावं ट्रेन माझ्या बापाची नाही." मुलगी वर येते. "बाबा म्हणाले, ट्रेन लेट होती."

दोन्ही निरोप तिने धुऊन, निथळून दिले. कुणी शिकवलं नाही तिला. घरात शिरल्यावर आई सहज विचारते, काय जेवलीस, आत्या आली होती का, अजून कुणी होतं का? मुलगी म्हणते, "काही नाही." आईला वाटतं, पोरीला तिकडे पढवलंय. खरं म्हणजे कुठलं उत्तर कुणाला टोचेल याचा हिशोब करून ती थकलेली असते, आणि 'काही नाही' हे एकच उत्तर कुणालाही टोचत नाही. पुढच्या शनिवारी सकाळी तिच्या पोटात दुखतं. डॉक्टरांना काही सापडत नाही.

म्हणून मुलाच्या हाती निरोप नाही, चिठ्ठी नाही, चेक नाही, 'फी भरली का विचार' नाही. एवढं एक जरी दोघांनी पाळलं तरी मुलाचं निम्मं ओझं उतरतं.

मग बोलायचं कसं? हॉस्पिटलमध्ये दिवसपाळीची नर्स रातपाळीच्या नर्सला पेशंट सोपवते तसं. त्यांचं एकमेकींशी पटत असेलच असं नाही, पण नोंदवहीत ताप, औषध, जेवण एवढं लिहिलेलं असतं आणि रागलोभ लिहायला तिथे रकाना नसतो. व्हॉट्सॲपवर एक वेगळा धागा फक्त मुलासाठी ठेवावा. त्यात मजकूर असा: 'सोमवारी सायन्सची टेस्ट, धडा 4 आणि 5. खोकला आहे, सिरप रात्री झोपताना 5 मिली, बाटली बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. बूट लहान झालेत.' असा नको: 'तुझ्याकडे आली की दरवेळी आजारी पडते.' दुसरा मेसेज खरा असेलही. पण त्याला उत्तर येणार ते खोकल्याबद्दल नसणार.

राग आला असताना लिहिलेला मेसेज सकाळी पाठवावा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी की लिहिताना धरून चालावं, हा मेसेज उद्या न्यायाधीश वाचणार आहेत. पुष्कळदा ते खरंच वाचतात. मेसेजचे स्क्रीनशॉट अर्जाला जोडलेले असतात.

कागदावर काय हवं

'परस्पर सोयीने' या दोन शब्दांच्या जागी दोन पानं लागतात. ती लिहायला वकील लागतोच असं नाही. आधी आईबापांनी बसून मुद्दे काढावेत, मग वकिलाने भाषा घालावी. उलटं केलं की वकिलाच्या संगणकातला जुना मसुदा नाव बदलून तुमच्यासमोर येतो.

आठवड्याचा भाग सोपा असतो: कोणते शनिवार, किती वाजता, रात्र मुक्कामाची का नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला महिन्यातून एकदा अख्खा दिवस देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा दोन तास बरे, कारण त्याची आठवण आणि सवय तेवढ्याच पल्ल्याची असते. शाळकरी मुलाला रात्रीचा मुक्काम जमतो, फक्त दोन्ही घरांत त्याचा ब्रश, त्याची चादर, त्याचा एक खण असावा. पाहुण्यासारखी सॅक भरून जाणाऱ्या मुलाचं 'दोन घरचा पाहुणा उपाशी' व्हायला वेळ लागत नाही.

सोपवायची जागा हा त्याहून महत्त्वाचा तपशील आहे आणि तो कुणी लिहीत नाही. बिल्डिंगचं गेट ही सर्वांत वाईट जागा. वॉचमन, शेजारी, खिडकीतून बघणारी आजी, सगळे प्रेक्षक तिथे हजर असतात. शाळा ही सर्वांत चांगली जागा. शुक्रवारी सकाळी आईने सोडायचं, दुपारी बाबांनी घ्यायचं. दोघांची गाठच पडत नाही, आणि मूल एकाला सोडून दुसऱ्याकडे चाललंय असा देखावा मुलासमोर होत नाही. ते आपलं शाळेतून घरी येतं.

सणांचं मात्र नीट बसून करावं लागतं. गणपती हलवता येत नाहीत. एकाचं गाव कोकणात आणि दीड दिवसाचा गणपती, दुसऱ्याकडे गौरी, मग मूल कुठे? एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, हे साधं उत्तर बहुतेकांना शेवटी पटतं, पण ते जूनमध्ये पटलेलं बरं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. ऑगस्टमध्ये भांडून तिकीट मिळत नाही. दिवाळीचे दोन तुकडे पाडावेत, लक्ष्मीपूजनापर्यंत एक आणि पाडवा-भाऊबीज दुसरा, दरवर्षी अदलाबदल. भाऊबीजेला मुलीची मामेभावंडं आणि चुलतभावंडं दोन्ही असतात, हे पाहून दिवस ठरवावा. मे महिन्याच्या सुट्टीचे सरळ दोन भाग करता येतात, पण कुठला पंधरवडा कुणाचा हे मार्चच्या आत, कारण समर कॅम्पचे पैसे कुणीतरी आधीच भरून टाकतं आणि मग त्यावरून जुंपते.

भेट हुकली तर काय, हेही लिहावं. मुलाला ताप आहे, तर पुढच्या शनिवारी बदली भेट. बापाला ऑफिसचं काम निघालं, तर एक दिवस आधी कळवायचं. त्याला बदली भेट मागायचा हक्क नाही. मूल आवरून, बूट घालून सोफ्यावर बसलंय आणि कुणी येत नाही, यासारखं दुसरं काही नसतं. आईने अशा वेळी 'बघितलंस ना तुझा बाप' म्हणायचा मोह टाळणं फार कठीण आहे, मला मान्य आहे. टाळावा.

फोनची वेळ ठरलेली असावी: संध्याकाळी साडेसात, पंधरा मिनिटं, स्पीकर बंद, रेकॉर्डिंग नाही, शेजारी उभं राहून 'सांग ना, सांग' नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलं की मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे आणि जिथे प्रत्यक्ष भेट अवघड, तिथे व्हिडिओ कॉलने संपर्क ठेवू द्यावा. त्या प्रकरणाला अमेरिकेची पार्श्वभूमी होती. पुणे-अमेरिका अशी ताटातूट झालेल्या मराठी घरांनाही ते उपयोगी आहे. आणि अशा घरांनी हेही जाणून असावं की मुलांना परदेशातून न विचारता नेण्याविरुद्धच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही. तिथल्या कोर्टाचा आदेश इथे आपोआप चालत नाही. तरी 'तिकीट काढून मुलाला घेऊन निघून ये' असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांपासून चार हात लांब राहावं. इथली कोर्टंही मुलाला परत पाठवायचे आदेश देतात.

शाळेच्या दाखल्यावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांचे नंबर असावेत. पालकसभेला शेजारी बसवत नसेल तर शाळेकडे वेगळी वेळ मागता येते, शिक्षक सहसा देतात. गॅदरिंगला मात्र दोघांनीही जावं, हॉलच्या दोन टोकांना बसावं. स्टेजवरून मूल दोन्ही टोकं शोधतं. डॉक्टरांची फाइल एकच, तिचे फोटो दोघांकडे. नावाचा वाद निघतो, तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम झालाय. मोठ्या मुलांच्या बाबतीत नाव बदलायचा खटाटोप भांडणापोटी करू नये. दहावीच्या फॉर्मपर्यंत तो मुलाच्या मागे लागतो. पासपोर्टला दोघांची संमती लागते, एकाची मिळत नसेल तर वेगळं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. कन्सेंट टर्म्समध्येच 'पासपोर्टच्या नूतनीकरणाला दोघंही सही देतील' ही ओळ घातली की पुढचे हेलपाटे वाचतात.

आता पैसा. पोटगी आणि भेट यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पोटगी थकली म्हणून भेट बंद करता येत नाही, भेट मिळाली नाही म्हणून पोटगी अडवता येत नाही. दोन्हींसाठी कोर्टाचे दरवाजे वेगवेगळे आहेत. मुलाचा खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात दोघांनी उचलायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच पद्मजा शर्मा प्रकरणात सांगितलंय, त्यामुळे कमावत्या आईनेही 'ते त्याचं काम' म्हणू नये. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीबद्दलचं पूर्वीचं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालंय, अर्ज लिहिताना तेवढं बघावं. महिन्याच्या ठरलेल्या रकमेबाहेरचे खर्च, म्हणजे दाताची तार, क्लासची फी, सहल, चष्मा, यांसाठी एक साधा नियम पुरतो: अमुक रकमेच्या वर असेल तर आधी विचारायचं, पावतीचा फोटो टाकायचा, दहा दिवसांत आपला वाटा द्यायचा. ती रक्कम किती, हे तुमच्या तुम्ही ठरवा.

आजी, मामा आणि नवीन माणूस

बरेचदा आईबाप थंडावतात आणि आजी पेटलेली असते. तिच्या मुलाचा किंवा मुलीचा संसार मोडलाय, तिला कुणी समुपदेशन दिलेलं नाही. तिला गप्प बसवण्याचं काम तिच्याच पोटच्या मुलाचं किंवा मुलीचं आहे. जावयाने किंवा सुनेने सांगून ती ऐकणार नाही. 'अगं आई, तिच्यासमोर नको' एवढं दरवेळी, न कंटाळता. नवीन जोडीदाराबद्दल मुलाला शेजाऱ्यांकडून कळण्याआधी आपण सांगावं, आणि 'बाबा म्हण' अशी जबरदस्ती करू नये. काका पुरतं.

मूल 'जायचं नाही' म्हणतं तेव्हा

हा सगळ्यांत अवघड भाग, आणि इथे घाईने निकाल लावणारे खूप. वडील म्हणतात, आईने पढवलंय. आई म्हणते, त्याला तिथे भीती वाटते. दोन्ही शक्य आहे. तिसरंही शक्य आहे: शनिवारी त्याची क्रिकेटची मॅच असते.

एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं ही खरी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग प्रकरणात त्याची दखल घेतली आणि आईपासून दुरावलेल्या मुलीचा ताबा आईकडे दिला. पण मग प्रत्येक अर्जात हा आरोप यायला लागला. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं की कुणालाही घाईने दोषी ठरवू नका, नेमक्या कुठल्या वागण्याने मुलाचं मन वळवलं ते आधी दाखवा. घरातही हाच नियम लावावा. मुलाला 'का नाही जायचं?' असं खोदून विचारण्यापेक्षा 'तिकडे कुठली गोष्ट नकोशी वाटते?' असं विचारलं तर बरेचदा उत्तर मिळतं. कुत्रा, चुलतभाऊ, तिखट भाजी, बाबांचं सतत फोनवर असणं. यातलं बरंच काही दुसऱ्या पालकाला एका मेसेजमध्ये कळवून सुटतं.

उत्तर वेगळंच आलं, म्हणजे मारहाण, दारू, नको तसा स्पर्श, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं. तिथे सहकार्याचा आग्रह धरणं हेच चूक. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर भेट नाकारूही शकतात. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं भागच आहे. संशय आहे पण खात्री नाही, अशा मधल्या अवस्थेत देखरेखीखालची भेट मागता येते: कोर्टाच्या आवारात, समुपदेशकाच्या नजरेखाली. कोर्टातली ती खेळण्यांची खोली मुलासाठी फारशी आनंदाची जागा नाही. पण वर्षभर भेटच नसण्यापेक्षा तीन महिने तशी भेट, मग आढावा, हा मार्ग अनेक प्रकरणांत उपयोगी पडतो.

ज्यांचा कागद आधीच झालाय

निकाल लागून गेला आणि त्यात तेच दोन ओळींचं कलम आहे, तरी वेळ गेलेली नाही. दोघं मिळून नवं वेळापत्रक लिहू शकता, सह्या करू शकता. ते पक्कं हवं असेल तर त्याच कोर्टात संयुक्त अर्ज देऊन आदेशात बदल करून घेता येतो. वाद नसलेला अर्ज लढाईच्या अर्जापेक्षा कितीतरी लवकर निघतो. दुसरी बाजू तयार नसेल तर एकट्यालाही अर्ज करता येतो. तिथे न्यायाधीशांसमोर 'मला जास्त वेळ हवा' म्हणण्यापेक्षा 'दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते रविवारी सहा, शाळेतून घेणं' असा नेमका तक्ता ठेवावा. नेमकं मागितलं की नेमकं मिळायची शक्यता वाढते.

आणि दर वर्षी, परीक्षेचा निकाल लागला की शाळा सुरू व्हायच्या आधी, तो तक्ता पुन्हा बघावा. सहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेले शनिवार तेरा वर्षांच्या मुलाला काचतात. त्याला मित्र असतात, क्लास असतात, आणि दहावीच्या वर्षी तर सगळेच शनिवार क्लासवाले घेऊन जातात. तेव्हा बाबांनी संपूर्ण दिवस मागण्यापेक्षा बुधवारी क्लास सुटल्यावर मुलाला घ्यायला जावं, वडापाव खाऊन घरी सोडावं. मोठ्या मुलाला यात जरूर विचारावं. विचारायचं ते 'कुठला वार बरा पडेल?' एवढंच. 'तुला कुणाकडे राहायचंय?' हे त्याला घरात कुणी विचारू नये.